टू-वायर ठिबक ऑटोमेशन: विजेचा दोष कसा शोधावा?

ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो आणि घाटंजी तालुक्यातील कापूस नेमका बोंडे भरण्याच्या अवस्थेत असतो. या काळात पाण्याचा ताण पडला तर पातेगळ वाढते, बोंडे लहान राहतात. नेमक्या अशा वेळी ऑटोमेशनच्या कंट्रोलरवर लाल दिवा लागतो आणि एकही व्हॉल्व्ह उघडत नाही. अनेक जण लगेच नवा डिकोडर किंवा नवा कंट्रोलर मागवतात. तो येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात आणि बसवल्यावरही दोष तसाच राहतो, कारण बहुतेक वेळा बिघाड महागड्या भागात नसून जमिनीतल्या एखाद्या ओल्या जोडात असतो. म्हणून आधी मोजा, मग बदला. दोष शोधण्याचा क्रम खाली दिला आहे.

यंत्रणा कशी चालते?

साध्या ऑटोमेशनमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हसाठी कंट्रोलरपासून स्वतंत्र तार जाते. टू-वायर पद्धतीत मात्र दोन तारांची एकच केबल सगळ्या शेतातून फिरते. वीज आणि संदेश दोन्ही याच केबलमधून जातात. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एक डिकोडर असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या क्रमांकाचा संदेश आला की तो डिकोडर सोलेनॉइड कॉइलला वीज देतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

यात केबलची बचत होते, पण सगळे व्हॉल्व्ह एकाच वाटेवर असल्याने एका ठिकाणच्या शॉर्टमुळे पूर्ण शेत बंद पडू शकते.

पहिला प्रश्न: दोष पाण्याचा की विजेचा?

मोटर चालू ठेवून व्हॉल्व्हवरील कॉइल हाताने पाव फेरा सैल करा किंवा हाताने उघडण्याचा स्क्रू फिरवा.

- व्हॉल्व्ह उघडला, तर पाण्याची बाजू ठीक आहे. दोष विजेचा आहे.
- उघडला नाही, तर फिल्टर, पाण्याचा दाब, व्हॉल्व्हचा पडदा आणि त्यातील बारीक छिद्रे तपासा. केबल उकरू नका.

लक्षणावरून अंदाज

- एकच व्हॉल्व्ह बंद: त्याची कॉइल, डिकोडर किंवा तिथले जोड.
- एका जागेपासून पुढचे सगळे बंद, मागचे चालू: त्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तार तुटली आहे किंवा जोड सुटला आहे.
- सगळेच बंद, कंट्रोलर जास्त करंट दाखवतो: केबलमध्ये शॉर्ट.
- पाऊस किंवा ओलितानंतर बंद, जमीन वाळली की चालू: जोडात पाणी शिरले आहे.
- शेवटचे व्हॉल्व्ह कधी उघडतात, कधी नाही: लांब केबलमुळे व्होल्टेज पडते किंवा मधला जोड सैल आहे.
- विजेच्या कडकडाटानंतर तीन-चार डिकोडर एकदम गेले: अर्थिंग अपुरे आहे.

लागणारी साधने

मल्टीमीटर, मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर, तार सोलण्याची पक्कड, जेल भरलेले वॉटरप्रूफ जोड आणि व्हॉल्व्ह बसवताना काढलेला नकाशा. मोटरसाठी वापरायचा साधा क्लॅम्प मीटर इतका लहान करंट दाखवत नाही, म्हणून खरेदी करताना मिलिअँपिअरची क्षमता पाहून घ्या.

अर्ध्यातून तोडून शोधा

केबल एका टोकापासून उकरत जाऊ नका. दर वेळी लाइनचा अर्धा भाग बाद करत गेलात तर १६ व्हॉल्व्हच्या लाइनवर चार वेळा जोड उघडून दोष सापडतो.

१. केबलची दोन्ही टोके कंट्रोलरला जोडून रिंग केली असेल, तर आधी एक टोक सोडा. रिंग चालू असताना मोजमाप फसवे येते.

२. सर्व व्हॉल्व्ह बंद ठेवून कंट्रोलरजवळ करंट मोजा. क्लॅम्पमध्ये दोनपैकी एकच तार घ्या. दोन्ही तारा एकत्र घेतल्यास आकडा जवळपास शून्य येतो.

३. करंट किती यायला हवा ते काढा. समजा, माहितीपत्रकानुसार एक डिकोडर ४ मिलिअँपिअर घेतो. १६ डिकोडरचे ६४ होतात. मीटरवर ३०० आले, म्हणजे २३६ मिलिअँपिअर कुठेतरी गळत आहेत.

४. कंट्रोलर बंद करून आठव्या व्हॉल्व्हच्या पुढची केबल सोडा आणि पुन्हा मोजा. आता ३२ च्या आसपास आले, तर पहिली अर्धी लाइन चांगली आणि दोष पुढे आहे.

५. आठव्याचा जोड परत लावून बाराव्याच्या पुढे सोडा. १२ डिकोडरचे ४८ यायला हवेत. २८४ आले, तर दोष नवव्या ते बाराव्याच्या मध्ये आहे.

६. मग दहाव्याच्या पुढे सोडा. ४० आले, तर दोष अकराव्या-बाराव्याकडे. अकराव्याच्या पुढे सोडल्यावर ४४ आले, तर अकराव्याच्या पुढची केबल किंवा बाराव्याचे जोड, डिकोडर यांपैकी एकात दोष आहे. आता तेवढेच उकरा.

शॉर्ट असताना काही कंट्रोलर लाइन लगेच बंद करतात. अनेक कंट्रोलरमध्ये शॉर्ट शोधण्यासाठी लाइन थोडा वेळ चालू ठेवण्याची सोय असते, ती वापरा. फ्यूजच्या जागी जाड तार घालून लाइन जबरदस्तीने चालू ठेवू नका.

शॉर्ट पक्का असेल तर अंतराचा अंदाजही काढता येतो. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे १५ ओहम. कंट्रोलरपासून केबल सोडून दोन तारांमध्ये ६ ओहम आले, तर शॉर्ट साधारण ४०० मीटरवर आहे. मीटरच्या वायरचा स्वतःचा रोध आधी वजा करा. ओल्या जोडातून करंट थोडा-थोडा गळत असेल, तर हा हिशेब लागू होत नाही.

कॉइल आणि डिकोडर

कॉइल डिकोडरपासून सोडून रोध मोजा. २४ व्होल्ट एसी कॉइलचा रोध सहसा २० ते ६० ओहम असतो. खूप कमी आला तर कॉइल आतून शॉर्ट, मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलेली. डीसी लॅचिंग कॉइलचा रोध वेगळा असतो, तो माहितीपत्रकात पाहा.

कॉइल चांगली असेल तर शेजारच्या चालू व्हॉल्व्हचा डिकोडर इथे लावून त्याच्याच क्रमांकाने चालवून पाहा. व्हॉल्व्ह चालला तरच मूळ डिकोडर खराब समजा. नवा डिकोडर बसवताना त्याला जुन्याचाच क्रमांक द्या.

केबलला मेगर लावायचा असेल तर सर्व डिकोडर आणि कंट्रोलर आधी सोडा. मेगरच्या ५०० व्होल्टने ते जळतात.

काळी जमीन, रानडुक्कर आणि जोड

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. ताणून टाकलेली केबल यात ओढली जाते आणि जोड सुटतात. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हजवळ दोन-तीन फूट केबल सैल वेटोळे करून ठेवा. केबल किमान दीड फूट खोल टाका, म्हणजे नांगर आणि रोटाव्हेटर लागणार नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या शिवारात रानडुकरे उकरतात आणि उंदीर, घुशी केबल कुरतडतात. अशा ठिकाणी केबल पाइपमधून न्या.

जोड करताना:

- कंट्रोलर बंद करा. हात आणि तार कोरडी असावी.
- तार सोलताना तांब्यावर कट पडू देऊ नका. तारा पिळून कनेक्टर घट्ट बसवा आणि ओढून पाहा.
- पूर्ण जोड जेलमध्ये बुडवा. नुसती चिकटपट्टी एका पावसाळ्यातही टिकत नाही.
- लाल तारेला लाल, काळ्याला काळी जोडा. रिंग जोडताना रंग उलटले तर थेट शॉर्ट होतो.
- जोड व्हॉल्व्ह बॉक्समध्येच ठेवा, शेताच्या मध्ये पुरू नका.

अर्थिंग आणि झटका मशीन

कंट्रोलरजवळ, लाइनच्या शेवटी आणि मध्ये कंपनीने सांगितलेल्या अंतरावर सर्ज संरक्षक आणि अर्थिंगचा रॉड हवा. अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत ठेवा. उन्हाळ्यात जमीन वाळली की तो वाढतो, म्हणून मृगापूर्वी वायरमनकडून मोजून घ्या.

कुंपणाच्या झटका मशीनचा अर्थिंग रॉड टू-वायर लाइनसाठी कधीही वापरू नका. त्यातून उच्च दाबाचे झटके डिकोडरपर्यंत पोहोचतात. मोटरची केबलही याच चरात टाकू नका. ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

कंट्रोलरची २३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमननेच उघडावी. ढग गडगडत असतील तर लाइनला हात लावू नका. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप मोबाइलवर ठेवा.

दुरुस्ती होईपर्यंत पाणी

दोष सापडेपर्यंत पीक थांबत नाही. व्हॉल्व्ह हाताने उघडून पाळीने पाणी द्या. फुले आणि बोंडे जास्त असलेल्या ब्लॉकला, त्यातही हलक्या जमिनीला, आधी पाणी द्या. भारी जमिनीचा ब्लॉक त्यानंतर घेता येतो. मोटर सुरू करण्यापूर्वी किमान एक व्हॉल्व्ह उघडा आहे याची खात्री करा, नाहीतर दाब वाढून पाइप फुटतो. फर्टिगेशन मात्र बंद ठेवा. कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहिला याचा भरवसा नसताना खत सोडले, तर एका ब्लॉकला दुप्पट आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही.

यंत्रणा नीट चालू असतानाच तीन आकडे वहीत लिहून ठेवा: सर्व व्हॉल्व्ह बंद असतानाचा करंट, व्हॉल्व्ह चालू असताना शेवटच्या डिकोडरवरील व्होल्टेज आणि प्रत्येक कॉइलचा रोध. सोबत जोडांचा नकाशा काढा. पुढच्या वेळी लाल दिवा लागला की याच आकड्यांशी तुलना करून शोध सुरू करता येईल.