हंगामाबाहेरचा नायक : दादर-माटुंगा परिसरातील क्रिकेटप्रेमी आणि पावसाळी क्रिकेट

प्रस्तावना

खेळाचा सामाजिक इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच सामन्यांकडे, विक्रमांकडे आणि संस्थांकडे जाते. प्रेक्षक त्यात येतो, तो बहुधा गर्दीच्या आकड्यापुरताच. सामने नसतात त्या काळात हा प्रेक्षक काय करतो, आपल्या आवडत्या खेळाडूचा माग कसा ठेवतो, हा प्रश्न मराठीत फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखकालाही तो आपणहून सुचला नाही. तृतीय वर्षाच्या वर्गात ‘फुरसतीचा इतिहास’ या घटकाची चर्चा चालू असता एका विद्यार्थिनीने सांगितले की, ती युझुरु हान्यू या जपानी फिगर स्केटिंगपटूची चाहती आहे. हान्यूने २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आणि जुलै २०२२ मध्ये स्पर्धात्मक स्केटिंग सोडले. तो आता स्पर्धेत उतरतच नाही, मग ती पाहते काय, असे विचारता तिने थोडे आश्चर्यानेच उत्तर दिले, “सर, खरे पाहण्यासारखे तर तेव्हाच असते.”

या उत्तरात तथ्य आहे. स्केटिंगच्या स्पर्धा मुख्यत्वे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत होतात. उन्हाळ्यात जपानमध्ये बर्फावरचे प्रदर्शनीय कार्यक्रम चालतात आणि चाहते त्यांची तिकिटे काढून शहरोशहरी जातात. मार्च २०११ मधील भूकंपाच्या वेळी हान्यू सेंदाई येथील आपल्या रिंकवर सराव करीत होता. तो रिंक बंद पडल्यावर त्याने त्या हंगामाबाहेरच्या काळात सुमारे ६० प्रदर्शनीय कार्यक्रम केले आणि त्यांनाच आपला सराव मानले. म्हणजे चाहत्यांनी जी करमणूक म्हणून पाहिली, ती त्याची तालीम होती. हा तपशील वाचताना महाविद्यालयापासून चालत जाता येईल अशा अंतरावरील मैदाने डोळ्यांसमोर आली. मुंबईतही हंगामाबाहेरच्या सरावाला प्रेक्षक लाभण्याची परंपरा होती आणि ती ऐन पावसाळ्यात नांदत होती.

वस्ती आणि मैदान

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने शहराच्या उत्तरेस दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वसाहती उभारल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्यातील दाक्षिणात्य मध्यमवर्गाची वस्ती ही या आखणीची फळे होत. निखिल राव यांनी आपल्या २०१३ च्या ग्रंथात या उपनगरीय घडणीचा तपशिलाने मागोवा घेतला आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, या आखणीत मोकळ्या जागांना स्थान होते. १९२५ मध्ये खुले झालेले आणि १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव लाभलेले शिवाजी पार्क सर्वपरिचित आहे. माटुंग्यातही जिमखाने आणि क्लबांची मैदाने उभी राहिली. रुईया महाविद्यालय १९३७ मध्ये आणि पोदार महाविद्यालय १९४१ मध्ये आले. घर, शाळा, महाविद्यालय आणि मैदान पायी जाण्याच्या अंतरात असावे, ही सोय मुंबईत फार थोड्या वस्त्यांना लाभली.

या भूगोलाचा परिणाम किती झाला, हे १९८३ च्या विश्वचषक विजेत्या संघावरून दिसते. रवी शास्त्री माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेचे व पोदारचे विद्यार्थी, संदीप पाटील बालमोहन व रुईयाचे, दिलीप वेंगसरकर पोदारचे आणि दादर युनियनचे. सुनील गावसकर राहात ताडदेवला, शिकले सेंट झेविअर्समध्ये. परंतु त्यांचा क्लब दादर युनियन, म्हणजे मैदान माटुंग्याचेच.

पावसाळ्यातील रविवार

डॉ. कांगा स्मृती क्रिकेट लीग १९४८ मध्ये सुरू झाली. डॉ. होरमसजी कांगा हे १९११ साली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघातील पारशी खेळाडू. इतरत्र पावसाळा लागला की क्रिकेटची किट माळ्यावर जाते. मुंबईत मात्र या लीगचे सामने मुद्दाम पावसाळ्यात ठेवले गेले. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्ट्यांची सवय झाली तर इंग्लंडमधील हवामानात आपला फलंदाज टिकेल, असा त्यामागील विचार होता आणि या विचाराशी विजय मर्चंट यांचे नाव जोडले जाते.

येथे काळाकडे लक्ष द्यावयास हवे. जमातवार संघांची पंचरंगी स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली आणि दोनच वर्षांत ही क्लबांची लीग आली. हिंदू, पारशी, मुसलमान या निष्ठांच्या जागी दादर युनियन, शिवाजी पार्क, माटुंगा या निष्ठा रुजू लागल्या, असे म्हणता येईल. अर्थात क्लबांची दारे सर्वांना सारखी उघडी होती, असा याचा अर्थ नव्हे. १९११ च्याच दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेणाऱ्या पळवणकर बाळूंचा अनुभव विसरून चालणार नाही. ते परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्यातील मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचा संबंध होता, याकडे रामचंद्र गुहा यांनी लक्ष वेधले आहे. मैदानावरचा सामना संपल्यावर खेळाडू आपल्या लोकांत येतो आणि लोक त्याच्यात स्वतःचे काही पाहतात, या घटनेचे मुंबईतील हे एक आरंभीचे आणि फार अर्थपूर्ण उदाहरण म्हणावे लागेल. पुढील काळातील दादर-माटुंग्याची पांढरपेशी क्रिकेटभक्ती त्यापुढे बरीच सुखवस्तू वाटते.

कांगा लीगच्या क्रिकेटचे रूपच वेगळे होते. मैदानावर गवत गुडघ्याला लागे, जमिनीलगतचा चेंडू त्यात अडकून पडे, म्हणून धावा हव्यात तर चेंडू उचलून मारावा लागे. खेळपट्टीवर चेंडू कधी अंगावर उसळे, कधी सरपटे. अशा ठिकाणी काढलेल्या तीस धावांना जाणकार प्रेक्षक शतकाचा मान देत. आझाद मैदानासारख्या जागी तर शेजारच्या सामन्याचा क्षेत्ररक्षक आपल्या यष्टिरक्षकाजवळ उभा दिसे. नवख्याला तो गोंधळ वाटे, परंतु नियमित प्रेक्षकाला कोण कोणाचा हे बरोबर ठाऊक असे.

या सामन्यांना तिकीट नव्हते. छत्री घेऊन कडेला उभे राहिले की झाले. हिवाळ्यात कसोटी सामन्यासाठी ज्याचे तिकीट मिळवताना ओळखी काढाव्या लागत, तोच फलंदाज जुलैच्या रविवारी दहा-पंधरा पावलांवर पॅड बांधताना दिसे. गावसकर परदेश दौऱ्यावरून परतले आणि थेट कांगा लीगच्या सामन्याला हजर झाले, अशी आठवण मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात वारंवार सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती आठवण म्हणूनच वाचावी. तिचे मोल सांगणाऱ्याच्या अभिमानात आहे. जगाने गौरवलेला आपला माणूस क्लबच्या हाकेला ओ देतो, हे त्याला सांगावयाचे असते.

दादर युनियनची शिस्त हा एक स्वतंत्र विषय आहे. माधव मंत्री हे त्या शिस्तीचे मूर्तिमंत रूप. ते कसोटी खेळलेले यष्टिरक्षक, गावसकरांचे मामा आणि हिंदू कॉलनीचे रहिवासी. लहानग्या सुनीलने मामाच्या कपाटातील भारतीय संघाचा स्वेटर मागितला आणि मामांनी तो कमवावा लागतो असे सांगून परत ठेवला, ही कथा गावसकरांनीच १९७६ च्या आत्मकथनात नोंदवली आहे. चाहता आणि वारसदार यांतील सीमारेषा इतकी पुसट असणे, हे या परिसराचे खास लक्षण. वासू परांजपे प्रथम श्रेणीचे केवळ २९ सामने खेळले; तथापि दादर युनियनचे कर्णधार म्हणून त्यांना मिळालेला आदर त्या आकड्यात मावत नाही. गावसकरांना ‘सनी’ हे नाव त्यांनीच दिले, असे सांगितले जाते. स्थानिक प्रेक्षकाची मोजपट्टी निवड समितीच्या मोजपट्टीहून निराळी होती, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे शिवाजी पार्कचे पद्माकर शिवलकर. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही. या परिसरात त्यांना कोणी ‘कसोटी न खेळलेले’ म्हणून ओळखत नव्हते.

मैदानाबाहेरचा खेळाडू

हंगामाबाहेरच्या काळात खेळाडू दुसऱ्याही रूपांत दिसत. गावसकर १९८० मध्ये ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात नायक झाले. त्यांनी शांताराम नांदगावकरांचे एक गीतही गायले. शिवलकरही गात. संदीप पाटील १९८५ मध्ये ‘कभी अजनबी थे’ या हिंदी चित्रपटात आले आणि सोबत सय्यद किरमाणींना घेऊन आले. यांतील अभिनयाविषयी न बोलणे हेच सौजन्य ठरेल. परंतु पाटील यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘एकच षटकार’ या क्रीडा-नियतकालिकाचे महत्त्व निःसंशय मोठे आहे. द्वारकानाथ संझगिरी यांच्यासारख्या लेखकाला घडविण्यात त्याचा वाटा होता. संझगिरींच्या लेखनात खेळाडूच्या धावांइतकेच त्याचे बोलणे, खाणे, मित्रमंडळ येते. इंग्रजी समालोचनपर लेखनात हा घरगुती सूर क्वचित आढळतो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या दादरकराची दृष्टीच जणू तेथे छापली गेली.

माहितीचे दुसरे साधन होते सोमवारचे वर्तमानपत्र. कांगा लीगचे धावफलक बारीक टंकात येत. आमच्या इमारतीतील एक वृद्ध गृहस्थ ते कापून जुन्या हिशेबाच्या वह्यांत चिकटवीत असत. त्यांच्या मागे घर रिकामे करताना त्या वह्या रद्दीत गेल्या. लेखक तेव्हा एम.फिल. करीत होता आणि साधनांच्या शोधात अभिलेखागारात चकरा मारीत होता. आपल्याच जिन्यावरून एक अभिलेख खाली गेला, हे त्याला उशिरा उमगले. खेळाडूंची आत्मचरित्रे आहेत, संघटनांची इतिवृत्ते आहेत. पाहणाऱ्याची नोंद मात्र पाहणाऱ्यानेच ठेवली तर असते, आणि ती वह्यांत असते.

अंतर

हे चित्र रंगवताना एक गोष्ट झाकली जाते. वर ज्यांना ‘प्रेक्षक’ म्हटले ते जवळजवळ सर्व पुरुष होते. रविवारी सकाळी छत्री घेऊन दोन तास मैदानाच्या कडेला उभे राहण्याची मुभा घरातील कोणाला होती, हे वेगळे सांगावयास नको. स्वयंपाकघरातून निघणाऱ्या डब्यांवर आणि धुतल्या जाणाऱ्या चिखलाच्या पांढऱ्या कपड्यांवर कांगा लीग चालली. दादर-माटुंग्याच्या क्रिकेटप्रेमाविषयीच्या आठवणींत ही बाजू क्वचितच येते. आमची विद्यार्थिनी ज्या खेळाडूची चाहती आहे, त्याचा चाहतावर्ग बहुतांशी स्त्रियांचा आहे. एप्रिल २०१८ मध्ये सेंदाई येथे त्याच्या विजययात्रेस लाखाहून अधिक लोक जमले. फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोमच्या एकपात्री कार्यक्रमास सुमारे ३५,००० प्रेक्षक आले. हे प्रेम तिकिटाचे आहे, दुरून केलेले आहे, बाजाराने वेढलेले आहे. तरीही त्यात तिला जागा मिळाली. माटुंग्याच्या कडेला तिच्या आजीला ती नव्हती. जवळिकीचे गोडवे गाणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

ती जवळीक ओसरली त्याची कारणे गूढ नाहीत. १९९० नंतर दौरे वाढत गेले, २००८ मध्ये आयपीएल आली आणि आघाडीच्या खेळाडूला हंगामाबाहेरचा काळच उरला नाही. जो थोडा उरतो तो विश्रांतीचा, उपचारांचा किंवा जाहिरातींचा. न झाकलेल्या खेळपट्टीवर बोट मोडून घेण्याची जोखीम त्याने का पत्करावी, या प्रश्नाला व्यावहारिक उत्तर नाही. १९८४ मध्ये अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर ज्या लीगमध्ये उतरला, त्या लीगमध्ये त्याला मोठी माणसे समोर मिळाली. आज उतरणाऱ्या मुलाला बहुधा मुलेच मिळतात.

लोक मात्र विसरलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी सामना खेळला, तेव्हा कार्यालये चुकवून माणसे आली. मुंबई तो सामना हरली, पण आलेल्यांपैकी पुष्कळांना त्याचे सोयरसुतक नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यापूर्वी तो शिवाजी पार्कवर अभिषेक नायर यांच्या देखरेखीखाली सरावाला आला आणि पाहता पाहता गर्दी जमली. सामना नव्हता, धावफलक नव्हता, तिकीट नव्हते. फरक एवढाच की हातांत छत्र्यांऐवजी भ्रमणध्वनी होते, आणि गर्दीत मुलीही होत्या.

त्या विद्यार्थिनीने आता प्रकल्पासाठी विषय घेतला आहे तो आपल्या इमारतीतील साठीपुढच्या स्त्रियांच्या क्रिकेटविषयक आठवणींचा. पहिल्याच मुलाखतीत तिला एका आजींनी सांगितले की, दादर युनियनचा सामना त्यांनी एकदाही पाहिला नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतून टाळ्या ऐकू येत आणि टाळ्यांवरून कोण बाद झाले ते त्यांना कळे.