निरोपाचा दर : आनंदीबाईंच्या पाकिटापासून मस्कतच्या एसएमएसपर्यंत

१/ मोडनिंबच्या आमच्या घरात २००८ च्या सुमारास एक काम माझ्याकडे होते. मस्कतला इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेल्या धाकट्या काकांचा एसएमएस आला की तो आजीला वाचून दाखवायचा. माझे वय आठ. संदेश मराठीत, पण अक्षरे रोमन. मी अडखळत वाचायचे आणि शेवटी आजी विचारायची, “अजून काय म्हणतोय त्यो?” अजून काही नसायचे. १६० अक्षरे संपलेली असत.

२/ पुढे इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना टपालाची जुनी दरपत्रके हाती आली आणि आजीचा तो प्रश्न आठवला. परदेशी गेलेल्या माणसाचा निरोप घरी पोहोचवायला किती पैसे पडतात, त्यावरून तो किती लांब असेल, कोणत्या लिपीत असेल आणि घरच्यांना कोणाच्या तोंडून ऐकावा लागेल, हे ठरत आले आहे. आजचा थ्रेड या दराविषयी. (मोती आणि मोहरांची ती पानिपतची सावकारी चिठ्ठी सर्वांना पाठ आहे, ती येथे येणार नाही.)

३/ प्रारंभ १८५४ पासून करू. त्या वर्षीच्या टपाल सुधारणेने हिंदुस्थानात अंतर कितीही असो, पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम; एखादा पातळ कागद. तोवर अंतर वाढेल तसा दर वाढे, आणि पैसे पुष्कळदा पत्र घेणाऱ्याला मोजावे लागत. नव्या व्यवस्थेतही बिनतिकिटाचे, म्हणजे ‘बेअरिंग’ पत्र टाकता येई. घेणाऱ्याने दुप्पट भरायचे.

४/ यात एक गंमत आहे. रोलंड हिल यांनी १८४० मध्ये इंग्लंडात सुधारणा घडवली, त्या काळचे किस्से सांगतात की लोक पाकिटावरच खुणा करून पाठवीत. घेणारा पाकीट उलटसुलट करून पाही, खूण ओळखी, ‘नको’ म्हणून पत्र परत करी. निरोप पोहोचला, पैसे शून्य. ‘पोहोचलो की मिस्ड कॉल देतो’ असे म्हणणाऱ्या आपल्या पिढीने ही युक्ती शोधून काढली, असे कोणी समजू नये.

५/ १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. जागा तळहाताएवढी. मराठी पत्रलेखनाची रीत मात्र लांबलचक. तेथे जुनी संक्षेपाची सवय उपयोगी पडली : ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. ‘ति. स्व.’, ‘चि.’, ‘अ. उ. आ.’ ही सगळी आद्याक्षरे. एवढ्यात वडीलधाऱ्यांचा मान राखला जाई आणि मजकुराला जागा उरे. मोबाइलवरच्या तुटक भाषेविषयी हळहळणाऱ्यांनी आपल्या पणजोबांचे एखादे कार्ड जरूर पाहावे.

६/ आता समुद्रापलीकडे. प्रत्येक देशाचा करार वेगळा आणि दरही वेगळा, ही अवस्था १८७४ च्या बर्न येथील परिषदेने मोडली. तेथे स्थापन झालेल्या टपाल संघात हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी सामील झाला. तत्त्व साधे होते. पंधरा ग्रॅम हे एकक. पाठवणाऱ्या देशाने पैसे घ्यावेत आणि पोहोचवणाऱ्याने पुन्हा मागू नयेत. ही तांत्रिक वाटणारी तरतूद एका मराठी घराच्या फार उपयोगी पडली.

७/ ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत चढल्या. वय अठरा. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पती गोपाळराव मागे राहिले, आणि त्यांची नोकरी होती टपाल खात्यात. परदेशी पत्राचा दर आणि वजनाची मर्यादा तोंडपाठ असणारे असे किती नवरे तेव्हा हिंदुस्थानात असतील?

८/ मुळात आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्याही एका पत्रामुळे. गोपाळरावांनी मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र तिकडच्या नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना वाचले आणि आनंदीबाईंना लिहिले. एकमेकींना न पाहता दोघींचा पत्रव्यवहार वाढला आणि कार्पेंटरबाई ‘मावशी’ झाल्या. दर परवडण्याजोगा नसता तर ही मावशी कोठून मिळाली असती?

९/ फिलाडेल्फियात वैद्यक शिकताना आनंदीबाई आणि गोपाळराव यांच्यात जी पत्रे गेली-आली, त्यांतील काही काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. पोशाख, आहार, थंडी, पैशांची ओढाताण आणि रुसवेही. एका प्रश्नाचे उत्तर हाती यायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागे. गोपाळरावांचे शब्द टोचरे असत, आणि रागाने लिहिलेले वाक्य एकदा पेटीत पडले की परत घेण्याची सोय नव्हती. ते बोटीतून निघे, महिनाभर प्रवास करी आणि परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलीच्या हाती पडे.

१०/ तरीही एका गोष्टीत आनंदीबाई भाग्यवान होत्या. पत्र त्या स्वतः लिहीत आणि स्वतः वाचीत. मधे तिसरे कोणी नव्हते. त्या काळच्या फारच थोड्या मराठी स्त्रियांना हे शक्य होते. दरपत्रकात याची किंमत कोठेच लिहिलेली नसते.

११/ दर पुढे उतरत गेले. तिकीटसंग्राहकांना हा उतार एका तिकिटावर पाहता येतो. १८८६ मध्ये साडेचार आण्यांचे हिरवे तिकीट निघाले. १ जानेवारी १८९१ पासून परदेशी पत्र अडीच आण्यांवर आले, तेव्हा नवे तिकीट छापून होईपर्यंत त्याच हिरव्या तिकिटावर अडीच आण्यांचा काळा ठसा उमटवून काम भागवले गेले. २५ डिसेंबर १८९८ रोजी साम्राज्यांतर्गत पेनी टपाल सुरू झाले आणि विलायतेचे अर्ध्या औंसाचे पत्र एका आण्यात जाऊ लागले. हेन्निकर हीटन या खासदाराने त्यासाठी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला होता. साम्राज्य जवळ बांधून ठेवण्याचा हेतू त्यात उघड होता. पण लंडनला शिकायला गेलेल्या मुलाच्या घरालाही तोच एक आणा पुरे होता.

१२/ आमच्या भागात बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी–पंढरपूर शाखा १९०६ मध्ये सुरू झाली. मोडनिंब याच मार्गावर. अडीच फुटी रुळांवरून वारकरी गेले हे सगळे सांगतात. परंतु कुर्डुवाडीला मुख्य लोहमार्ग गाठला की पुढे मुंबई, आणि मुंबईपुढे बोट, ही वाटही त्याच रुळांनी जोडली.

१३/ घाई असेल त्याने काय करावे? तार. मात्र १८६५ मध्ये हिंदुस्थान–इंग्लंड तारेचा दर वीस शब्दांना पाच पौंड होता. पुढे १८७० मध्ये समुद्रातली तार मुंबईला पोहोचली आणि दर हळूहळू उतरले, तरी हिशेब शब्दांचाच राहिला. पत्ताही शब्दांत मोजला जाई. साष्टांग नमस्कार घालणे कोणालाच परवडणारे नव्हते.

१४/ म्हणून सांकेतिक कोश निघाले. व्यापाऱ्यांचे होतेच, पण १८८६ मध्ये लंडनच्या कॅसेल कंपनीने घरगुती निरोपांसाठीही उपयोगी असा कोश काढला. पोहोचलो, आजारी आहे, मूल झाले अशा धर्तीच्या एकेका वाक्याला एक लॅटिन शब्द. दोन्ही घरी पुस्तक असले की एका शब्दाच्या पैशांत वाक्य जाई. या कोशाचे नाव होते ‘युनिकोड’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१५/ पहिल्या महायुद्धात परदेशी निरोपाचा प्रश्न शिकल्या-सवरलेल्यांच्या घरातून शेतकऱ्यांच्या घरात आला. आघाडीवरच्या शिपायाला टपाल फुकट होते. पण बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पलटणीतला कोणी लिहून देई, फ्रान्समध्ये बूलोन येथील सेन्सॉर वाचून पाही, गावात पोस्टमन किंवा मास्तर मोठ्याने वाचून दाखवी. बायकोसाठी लिहिलेला मजकूर चार माणसांच्या कानांवरून तिच्यापर्यंत येई. म्हणून शिपाई कोड्यात लिहीत. काळी मिरी आणि तांबडी मिरची म्हणजे देशी आणि गोरे सैनिक, हा संकेत आता प्रसिद्ध आहे. गमतीचा भाग असा की सेन्सॉरने करून ठेवलेल्या इंग्रजी उताऱ्यांतूनच ते आवाज टिकले. ज्याने पहारा ठेवला तोच दफ्तरदार झाला.

१६/ आणि कुतचा वेढा आठवावा. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ ते सैन्य मेसोपोटेमियात कोंडले गेले. टपाल फुकट असूनही त्या महिन्यांत घरी काही येणार नव्हते.

१७/ दुसऱ्या महायुद्धात कल्पना मोठी विलक्षण निघाली. सैनिकांसाठीच्या सवलतीच्या तारेत छापील वाक्यांची क्रमांकवार यादी असे. त्यातील कोणतीही तीन निवडायची, दर अडीच शिलिंग. तारेतून फक्त आकडे जात आणि पोहोचल्यावर त्यांची वाक्ये होत. निरोप स्वस्त झाला, पण शब्द आपले राहिले नाहीत. हजारो घरांत एकच वाक्य पोहोचे आणि प्रत्येक घराला ते आपल्या मुलाचे वाटे. दुसरा मार्ग एअरग्राफचा : पत्राचे छायाचित्र काढून फिल्म विमानाने न्यायची आणि पलीकडे छोट्या आकारात छापायची. हिंदुस्थान–ब्रिटन मार्गावर ही सोय १९४२ मध्ये सुरू झाली. पत्रातली ऊब गेली, हस्ताक्षर तेवढे राहिले.

१८/ सोलापूरकरांनी येथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपाशी थांबायलाच हवे. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला निघाले. वडिलांच्या निधनाची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचे सुचवले, ते गेले नाहीत. तेथेच त्यांनी ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. जपानी फौजांनी वेढलेल्या त्या मुलखातून घरी निरोप पाठवायचा तर दरपत्रकाचा काही उपयोग नव्हता. मला त्यांच्या शौर्यकथेइतकाच सोलापुरातल्या घराचा विचार छळतो. नातू झाल्याची बातमी आणि मुलगा गेल्याची बातमी यांत किती थोडे अंतर!

१९/ स्वातंत्र्यानंतर परदेशी कुटुंबांचा खरा सोबती ठरला निळा हवाई कागद, एअरोग्राम. त्याचा उगम १९३३ च्या इराकमध्ये, तेथील टपालप्रमुख डग्लस गम्बली यांच्या कल्पनेत. एकच पातळ कागद, घडी घालून तोच पाकीट. आत काही घालायचे नाही. त्यामुळे वजनाचा प्रश्नच मिटला. लोकांनी मग चारी समास, घडीची कड, पत्त्यामागची पट्टी, सगळे भरून काढले. देशातल्या देशात हेच काम २ ऑक्टोबर १९५० पासून अंतर्देशीय पत्राने केले.

२०/ १९८५ मध्ये जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते टंकलेखन यंत्रापुढे बसून मनाला येतील ती वाक्ये लिहीत होते आणि अक्षरे मोजत होते. बहुतेक वाक्ये १६० च्या आत बसली. आधारासाठी पाहिली पोस्टकार्डे. तीही पुष्कळदा दीडशेच्या आत. ३ डिसेंबर १९९२ रोजी पहिला एसएमएस गेला. तळहाताएवढ्या कार्डाची मर्यादा अशी मोबाइलमध्ये शिरली.

२१/ परंतु ही १६० अक्षरे रोमन लिपीची. एका संदेशात १४० बाइट मावतात. देवनागरीसाठी युनिकोड (१८८६ चा नव्हे, आपला) वापरला की प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात आणि मर्यादा येते ७० वर. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजायचे. ‘मोडनिंब’ डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. यंत्राला ती सात. म्हणजे गावाचे नाव लिहिले की दहावा भाग संपला. रोमनमध्येही अक्षरे सातच, पण तेथे १६० पैकी. पहिल्या ‘युनिकोड’ने शब्द वाचवले, दुसऱ्याने आपली लिपी दिली आणि जागा निम्म्याहून कमी केली. पुढे मानकांत भारतीय लिप्यांसाठी वेगळे तक्ते आले, पण तोवर लोकांनी रोमन मराठीची सवय करून घेतली होती.

२२/ तारेचेही तसेच. देवनागरीत तार करण्याची सोय देशात १९४९ पासून झाली. परदेशी तार रोमनमध्येच राहिली. १४ जुलै २०१३ च्या रात्री तार बंद झाली, तेव्हा हा भेद तिच्याबरोबर गेला.

२३/ म्हणून काका रोमनमध्ये लिहीत. इकडून परदेशी संदेशाला पाच रुपयांच्या आसपास पडत; तेवढ्यात तेव्हा आमच्या एसटी स्टँडवर एक वडापाव येई. देवनागरीत लिहिले तर एकाचे दोन संदेश, म्हणजे दोन वडापाव. आजीला मराठी वाचता येत होते. चौथीपर्यंत शिकलेली, पोथी रोज वाचणारी बाई. पैसे वाचवण्यासाठी निवडलेल्या लिपीने तिला निरक्षर केले आणि बूलोनच्या सेन्सॉरपासून गावच्या पोस्टमनपर्यंतच्या मधल्या माणसांच्या रांगेत मला उभे केले. मी प्रामाणिक वाचक होते असेही नाही. एकदा काकांनी लिहिले होते की पगार दोन महिने झाला नाही. आईने डोळ्यांनी खुणावले आणि मी ते वाक्य गाळले.

२४/ आता घरात व्हॉट्सॲप आहे. आजी मजकूर वाचत नाही, लिहीतही नाही. माइकचे चिन्ह दाबून धरते, सगळ्यांना गप्प बसवते आणि दर वेळी पत्राचाच मायना घालते : “रामराम. मोडनिंबहून आई बोलतीय. हिकडं समदी खुशाल हाय.” मग काकांचा आवाज येतो, तो ती एकटीच कानाला लावून ऐकते. त्या दोन महिन्यांच्या पगाराविषयी मी तिला अजून सांगितलेले नाही.