तेलभरित हीटर

तेलभरित हीटर हे खोली उबदार ठेवण्यासाठी वापरले जाणारे विजेवर चालणारे घरगुती उपकरण आहे. बोलीभाषेत त्यास ऑइल हीटर असे म्हणतात. नावात ‘तेल’ असले तरी या उपकरणात तेल जळत नाही. उष्णता विजेपासून निर्माण होते आणि बंद धातूच्या पात्रातील खनिज तेल ती साठवून हळूहळू खोलीत सोडते. त्यामुळे यात रॉकेल किंवा अन्य कोणतेही इंधन भरावे लागत नाही, तसेच आतील तेल वापराने संपत नाही. हीटर तापताना व थंड होताना त्यातून निरनिराळे आवाज येतात. त्यांपैकी बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात. काही मात्र विद्युत बिघाडाची पूर्वसूचना देतात.

रचना व कार्य

हीटरचे शरीर पोलादी पत्र्याच्या उभ्या पोकळ पट्ट्या एकमेकींना जोडून बनवलेले असते. पट्ट्यांमुळे हवेशी संपर्क येणारे क्षेत्रफळ वाढते. तळाशी असलेली विद्युत तापतार तेल तापवते. तापलेले तेल हलके होऊन वर चढते, थंड झालेले खाली उतरते आणि अशा अभिसरणाने संपूर्ण शरीर तापते. तेल तापल्यावर प्रसरण पावत असल्याने पात्रात थोडी रिकामी जागा राखलेली असते.

ठरावीक तापमान गाठताच थर्मोस्टॅट वीजप्रवाह खंडित करतो व खोली थंड होऊ लागताच तो पुन्हा सुरू करतो. बहुतेक हीटरमध्ये अतितापापासून संरक्षण देणारी कळ, तर अनेकांत उपकरण कलंडल्यास वीज बंद करणारी कळही असते.

आवाज व त्यांचे अर्थ

टिकटिक किंवा टकटक: धातू तापल्यावर प्रसरण पावतो व थंड होताना आकुंचन पावतो. ५० सेंटिमीटर लांबीचा पोलादी भाग ६० अंश सेल्सिअसने तापल्यास त्याची लांबी सुमारे ०.३६ मिलिमीटरने वाढते. सांध्यांजवळ हा ताण थोड्याथोड्या झटक्यांनी मोकळा होतो व आवाज येतो. हीटर सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे आणि बंद केल्यानंतर हा आवाज येणे स्वाभाविक आहे.

खळखळ किंवा गुडगुड: हीटर आडवा ठेवला किंवा हलवला गेला असल्यास तेलात हवेचे बुडबुडे अडकतात. ते वर येताना असा आवाज होतो. आडवा राहिलेला हीटर सरळ उभा करून साधारण तासभर तसाच ठेवावा व नंतरच सुरू करावा.

अधूनमधून एकच ‘टक्’: हा थर्मोस्टॅट चालू-बंद होण्याचा आवाज असतो.

सततची घरघर: भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झ वारंवारतेची असल्याने सैल पत्रा किंवा झाकण तिच्यामुळे कंप पावू शकते. आवाज वाढत असल्यास उपकरण जाणकाराकडून तपासून घ्यावे.

चरचर किंवा तडतड: हा आवाज प्लग, सॉकेट अथवा वायरजवळून येत असल्यास तो धोकादायक समजावा. सैल जोडणीत ठिणग्या पडत असल्याची ती खूण असते. सोबत जळका वास येतो किंवा प्लग काळा पडतो. अशा वेळी तापलेला प्लग हाताने न ओढता प्रथम मेन स्विच बंद करावा.

गिझरमधून येणारा उकळल्यासारखा आवाज याहून वेगळा आहे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा थर तापतारेवर साचतो, त्याखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि तडतड ऐकू येते. तेलभरित हीटरमध्ये पाणी नसल्याने क्षार साचण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मराठवाड्यातील वापर

मराठवाड्यात हिवाळा अल्पकाळ टिकतो. डिसेंबर व जानेवारीतील रात्री विशेष थंड असतात. बालाघाटच्या पठारावरील लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर, तर गोदावरीकाठचे नांदेड सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असल्यास थंडीची लाट मानली जाते.

जाड भिंती व मातीचे जाड छत असलेली माळवदाची घरे दिवसाची ऊब रात्री टिकवून ठेवत. मात्र दगडमातीच्या अशा जड घरांमुळे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर पुनर्वसित गावांत सिमेंटची घरे उभी राहिली. पत्र्याची व पातळ भिंतींची घरे रात्री लवकर थंड होतात.

‘लातूर पॅटर्न’मुळे लातुरात आणि शिकवणी वर्गांमुळे नांदेडमध्ये बाहेरगावचे हजारो विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा खोल्यांत एकाच बोर्डावर पाणी तापवण्याचा रॉड, इस्त्री व हीटर लावले जाण्याचा संभव असतो. २३० व्होल्टवर २,००० वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासोबत १,५०० वॅटचा रॉड लावल्यास एकूण प्रवाह सुमारे १५.२ अँपिअर होतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला व बारीक वायरीला हा भार पेलत नाही आणि वायर तापून आग लागू शकते.

सुरक्षित वापर

* हीटर अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट लावावा. एक्स्टेंशन बोर्ड टाळावा.
* हीटरवर ओले कपडे, टॉवेल किंवा गोधडी वाळत घालू नये. त्यामुळे उष्णता कोंडते व कापड पेटू शकते.
* पडदे, अंथरूण व वह्या-पुस्तकांपासून हीटर किमान १ मीटर दूर, सपाट जमिनीवर उभा ठेवावा.
* वीज गेल्यास हीटरची कळ बंद करावी. अन्यथा वीज परतल्यावर घरात कोणी नसतानाही तो सुरू होऊ शकतो.
* तापलेल्या पट्ट्यांना स्पर्श झाल्यास चटका बसतो. लहान मुलांना दूर ठेवावे.
* तेल गळताना दिसल्यास हीटर वापरू नये. पात्र घरी उघडण्याचा किंवा त्यात दुसरे तेल भरण्याचा प्रयत्न करू नये.
* खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे.

२,००० वॅटचा हीटर पूर्ण क्षमतेने एक तास चालल्यास २ युनिट वीज लागते. झोपण्यापूर्वी खोली तापवून हीटर बंद केल्यास वीज वाचते. साठलेली उष्णता पुढेही काही वेळ मिळत राहते.

शेगडीशी तुलना

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते. अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. त्यामुळे झोपेतील व्यक्तीला धोका जाणवत नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक सहजतेने संयोग पावतो. तेलभरित हीटरमध्ये ज्वलन होत नसल्याने हा वायू निर्माण होत नाही व खोलीतील ऑक्सिजनही खर्च होत नाही. या हीटरचा मुख्य धोका विद्युत जोडणीत व जवळच्या ज्वलनशील वस्तूंत असतो, आणि वास, उष्णता व आवाज यांवरून तो बहुधा आधी ओळखता येतो.

हे सुद्धा पहा

* गिझर
* थर्मोस्टॅट
* कार्बन मोनॉक्साइड
* किल्लारी भूकंप