बिशप : देखरेखीची कुळकथा

नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत मंडळी, पाळक, वडील हे रोजचे शब्द. बिशप मात्र उशिरा आला.

मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. अथेन्स आपल्या ताब्यातल्या शहरांवर असे अधिकारी धाडी. धर्माशी त्यांचा संबंध नव्हता. इंग्रजीत शब्द झिजून बिशप झाला, पोर्तुगीजांकडून गोव्यात बिस्प. मराठी बायबलने मात्र ‘अध्यक्ष’ हा शब्द घेतला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोठार, सूत, गाई यांवर देखरेख करणारे ते अध्यक्षच.

पौलाने इफिसच्या मंडळीतल्या वडिलांनाच अध्यक्ष म्हटले आहे. म्हणजे आधी दोघे एकच होते. दुसऱ्या शतकात अंत्युखियाच्या इग्नाटियसच्या पत्रांत बिशप एक आणि वडील त्याच्या हाताखाली, अशी उतरंड दिसू लागते.

१८३१ साली नगरला आलेल्या अमेरिकन मिशनला ही उतरंड मान्य नव्हती. त्यांच्या पंथात प्रत्येक मंडळी स्वतंत्र, पाळक तिनेच निवडायचा. कवी नारायण वामन टिळकांना १९०४ मध्ये राहुरीत पाळकपदाची दीक्षा मिळाली, तीही बिशपच्या हाताविना. पण खेड्यांतल्या शाळा तपासणारा, मास्तरांचे पगार देणारा मिशनरी साहेब होताच. पद नव्हते, देखरेख होती.

अँग्लिकन मिशनचे लोक बिशप मानणारे. मिरी आणि नगरला काम केलेले फिलिप लॉईड १९२९ मध्ये नाशिक धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले. एकाच जिल्ह्यात दोन्ही रीती शेजारी नांदल्या.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात या दोन्ही रीतींची मिळून सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अडचण हातांची होती : बिशपने डोक्यावर हात न ठेवलेला पाळक पुरता पाळक की नाही? तोड निघाली ती अशी, की सर्वच पक्षांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवावे. पद राहिले, पण बिशप निवडून येणार आणि घटनेने बांधलेला असणार.

आज दृढीकरणाला बिशप येतात आणि पोरांच्या डोक्यावर एकेक करून हात ठेवतात. त्या पोरांना वर्षभर शिकवून तयार केलेले असते ते गावच्या पाळकाने. बिशपांची भेट दिवसाची, देखरेख त्याची रोजची.