उतरवून घ्यायला कोण येणार?

जन्मभर टपालखात्यात काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतीही वस्तू समोर आली, की तिचे वजन किती, तिला तिकीट किती लागेल आणि ती वाटेत कुठे अडकून पडेल, याचा हिशेब तो मनातल्या मनात करून टाकतो. म्हणूनच गेल्या दिवाळीत मुलीचा अमेरिकेहून फोन आला, तेव्हा मला लगेच उमगले, की या वेळचे पार्सल आम्ही स्वतः आहोत.

मुलगी न्यू जर्सीत, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेच्या टोकाला. मुलगा सॅनफ्रान्सिस्कोजवळ, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला. दोघांनी आपसात ठरवूनच टाकले होते. "बाबा, तीन महिने माझ्याकडे राहायचं. मग मी तुम्हाला विमानात बसवून देते. व्हीलचेअर सांगून ठेवते. तिकडे दादा उतरवून घेईल. तुम्हाला काहीच करायचं नाही."

"अगं, पण मला चालता येतं!"

"चालता येतं हो. पण व्हीलचेअर घेतली की कुणाशी बोलावं लागत नाही."

म्हणजे वजन करून झाले, शिक्का मारून झाला, वर 'सांभाळून हाताळावे' अशी चिठ्ठीही लागली. मी फोन ठेवला आणि हिला म्हटले, "आपण विमानानं जायचं नाही. अमेरिका आडवी ओलांडायची ती आगगाडीनं. आपली आपण!"

ही गव्हल्या निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "आणि गाडीतून उतरवून घ्यायला कोण येणार?"

बायकांना मोठ्या योजनांचे कौतुक नसते, असे म्हणून मी दोनशे पानी वही काढली.

आगगाडीच्या प्रवासाबाबत मी स्वतःला अधिकारी पुरुष समजतो. १९७५ साली पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली. पुढे नोकरीत कल्याणला बदली झाली, तेव्हा पाच वर्षे मी त्या गाडीचा पासवाला होतो. तिघांच्या बाकावर चौथा कसा बसतो, हे ज्याला कळले त्याला जगातली कोणतीही रेल्वे अवघड नाही, अशी माझी समजूत होती. वहीच्या पहिल्या पानावर 'तयारी' असे लिहून मी खाली रेघ ओढली आणि पहिला धक्का बसला. अमेरिकेत या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत सरळ जाणारी एकही गाडी नाही! न्यूयॉर्कहून शिकागो, तिथे उतरायचे, दुसरी गाडी पकडायची. ती 'कॅलिफोर्निया झेफिर' शिकागोहून निघते आणि सुमारे चार हजार किलोमीटर धावून सॅनफ्रान्सिस्कोच्या खाडीअलीकडे एमरीव्हिल नावाच्या गावी आपल्याला सोडते. त्यात दोन रात्री जातात. त्यातून रूळ बहुतेक मालगाड्यांच्या कंपन्यांचे. आपली गाडी म्हणजे त्यांच्या घरातली पोटभाडेकरू. कोळसा आधी की कुलकर्णी आधी, हा प्रश्न आला, की पुष्कळदा कुलकर्णी साइडिंगला उभे राहतात.

हे सगळे नीट समजून घ्यावे म्हणून मी आमच्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढलो. नाशिकचे हे वाचनालय १८४० सालचे. म्हणजे मुंबई-ठाणे गाडी धावली त्याच्याही तेरा वर्षे आधीचे. मागायला गेलो होतो अमेरिकेचे मार्गदर्शक. घेऊन आलो पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. १८८९ सालचे पुस्तक! वेळापत्रक थोडे जुने होते एवढेच. पण त्या पुस्तकाने मला असे काही नादी लावले, की माझ्या वहीत तयारी राहिली बाजूला आणि इतिहासच भरू लागला.

पहिली गंमत आमच्याच खात्यातली निघाली. नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागून सिन्नर ओलांडले की संगमनेर येते. तिथले गोपाळराव जोशी हे पोस्टातले कारकून. तेही कल्याणच्या पोस्टात होते! बायकोला डॉक्टर करायचे, हे या गृहस्थाच्या डोक्यात बसले. त्यांनी अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. मिशनऱ्याने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. ते मासिक १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडले, आणि तेही कुठे, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत बसल्या असताना. बाईंनी घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार वाढला. मावशी-भाचीचे नाते जडले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय वर्षे अठरा. उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई धक्क्यावर हजर! मराठी बाईचे अमेरिकेला जाणे एका दातदुखीवर उभे आहे, हे आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी सांगितले असते, तर मी त्या तासाला झोपलो नसतो.

तेव्हा पासपोर्ट-व्हिसाची सक्ती नव्हती. आता आहे. साऱ्या देशाचे पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात. म्हणून नाशिककराला तो लवकर मिळत असेल, असा कुणाचा समज असेल तर त्याने मला येऊन भेटावे. हलवायाच्या शेजाऱ्याला जिलबी फुकट मिळत नाही.

अडचणी त्या वेळी वेगळ्या होत्या. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमॉन्टरी या ठिकाणी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ जोडले गेले. वर सोन्याचा खिळाही ठोकला. (तो लगेच काढूनही घेतला. अमेरिकन माणूस भावनाप्रधान असला तरी हिशेबी आहे.) आपणही फार मागे नव्हतो. थळ घाटातली रेल्वे १८६५ साली सुरू झाली आणि १८७० साली याच घाटातून, नाशिकवरून, मुंबई-कलकत्ता असा सलग मार्ग झाला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात आणि ढकलत ढकलत तिला इगतपुरीला आणून सोडतात.

पण अमेरिकेत रूळ जुळले, तरी घड्याळे जुळली नव्हती. गावागणिक वेळ वेगळी. डोक्यावर सूर्य आला की त्या गावचे बारा. रेल्वे कंपन्यांच्या पन्नासाच्या आसपास निरनिराळ्या वेळा होत्या. एका स्टेशनात दोन कंपन्यांची दोन घड्याळे आणि उताऱ्याच्या खिशात तिसरे. शेवटी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनीच देशाचे पट्टे पाडून एकेका पट्ट्याला एक वेळ दिली. त्या रविवारी कित्येक गावांत बारा दोनदा वाजले! आनंदीबाईंना तिथे जाऊन जेमतेम साडेपाच महिने झाले होते. मी हे हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "बरं झालं, त्या दिवशी रामनवमी नव्हती. काळारामात जन्म दोनदा करावा लागला असता." हसू नका. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, तरी मुंबईने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती.

रमाबाई १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या. निमित्त आनंदीबाईंच्या पदवीदानाचे. तो समारंभ ११ मार्चला झाला. चार दिवसांसाठी गेलेल्या बाई पावणेतीन वर्षे राहिल्या. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो मैलांचे रूळ दोन दिवसांत तीन इंच सरकवले गेले, कारण उत्तरेचे आणि दक्षिणेचे माप जुळत नव्हते. आमच्या मनमाडला ब्रॉडगेजमधून उतरून मीटरगेजची गाडी पकडणे १९९०च्या दशकापर्यंत चालू होते. ट्रंका डोक्यावर घेऊन धावणाऱ्या पिढ्यांना या दोन दिवसांची किंमत कळेल.

झोपून जायची सोयही तोवर झाली होती. पुलमन नावाच्या कारखानदाराने रात्री बिछाने होणारे डबे काढले होते. बिछाने घालायला काळे नोकर असत. त्यांतले कितीतरी जण पूर्वी गुलाम म्हणून राबलेले. मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून उतारू प्रत्येक नोकराला सरसकट 'जॉर्ज' म्हणत. हे ऐकून ही गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या आजोळी कामाला कुणीही बाई आली तरी तिला सखूच म्हणायचे. तिचं खरं नाव काय होतं, कधी विचारलंच नाही."

मी तो मजकूर वहीत लिहिला नाही. पण तो लक्षात राहिला.

आता प्रश्न असा, की या एवढ्या देशात ही एकटी विधवा बाई गावोगाव कशी फिरली? पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरलेली बाई १८८८च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिमेच्या किनाऱ्यावरून, सॅनफ्रान्सिस्कोहून, जपानमार्गे परतली. मधला सारा देश तिने पाहिला. तिच्या वहीत काय तयारी असेल? मी बरेच दिवस याचा विचार केला आणि उत्तर मला रामकुंडावर सापडले.

आम्ही नाशिककर जन्मापासून प्रवासी बघत आलो. यात्रेकरू स्टेशनवर उतरतो. पूर्वी तर स्टेशनापासून गाव आठ किलोमीटर आणि मधे चार घोड्यांची ट्राम. ती १८८९ साली सुरू झाली. यात्रेकरूला भाषा येत नसते. आडनाव आणि गाव सांगितले, की उपाध्ये चोपडी उघडून त्याला आजोबांची सही दाखवतात. राहण्याची सोय होते, जेवण होते, श्राद्धही होते. यात्रेकरू एकटा येतो, पण त्याला उतरवून घ्यायला कुणीतरी असतेच. रमाबाईंचे सारे बालपण अशा यात्रेत गेले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आई-बाप आणि मुले या तीर्थाहून त्या तीर्थाला पायी जात, देवळात पुराण सांगत आणि श्रोते देतील त्यावर राहत. दुष्काळात आई-वडील गेले, तरी बहीण-भाऊ हजारो मैल चालतच राहिले.

अमेरिकेत रमाबाईंनी दुसरे काय केले? गावी जायचे, सभेत उभे राहायचे, आपल्याकडच्या बालविधवांचे पुराण सांगायचे. फक्त पायांऐवजी आगगाडी होती. पहिल्या गावच्या बायका पुढच्या गावच्या बायकांना पत्र लिहीत. पहिले बोलावणे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजच्या प्रमुख डॉ. बॉडली यांचे. मग १८८७च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली. मग ठिकठिकाणी तिची मंडळे निघाली आणि त्यांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. ज्या गावी मंडळ, त्या गावी बाईंना उतरवून घ्यायला माणूस!

परत आल्यावर रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. तारीख ११ मार्च १८८९. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. ते पाहायला आनंदीबाई नव्हत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीच, बावीस वर्षांच्या व्हायच्या आत, त्या गेल्या. शारदासदनात आलेली पहिली विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई, पुढच्या बाया कर्वे.

आमच्या खात्यात रजिस्टर पत्राला पोचपावती जोडता येत असे. पत्र गेले, ज्याचे त्याला मिळाले, त्याने सही केली, की ती पावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा मला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले होते. रमाबाईंच्या त्या सगळ्या प्रवासाची पोचपावती मला गोदूबाईंच्या रूपाने दिसली. तेव्हा माझे मलाच थोडे हसू आले. आपली आपण जायची माझी कल्पना काय, तर स्टेशनवर कुणी नको! आणि जी बाई खरोखर आपली आपण गेली, तिने गावोगाव माणसे जोडली होती.

रात्री मी मुलीला फोन केला. "विमान नाही, व्हीलचेअर नाही. तू आम्हाला न्यूयॉर्कला गाडीत बसवून दे. दादाला म्हणावं, एमरीव्हिलला ये. गाडी उशिरा येईल, डबा घेऊन ये."

"आणि बाबा, शिकागोला? तिथे गाडी बदलायची आहे ना?"

मी अडखळलो. वहीच्या दोनशे पानांत ते कुठेच नव्हते. तेवढ्यात हिने फोन माझ्या हातातून घेतला.

"शिकागोची काळजी करू नकोस. आपल्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची भाची आहे तिथे. महिन्यापूर्वीच बोलले मी तिच्याशी. पोळी-भाजी घेऊन स्टेशनवर येते म्हणालीय. तिला नाशिकचा चिवडा हवाय आणि दोन किलो गव्हले."

फोन ठेवून ही आत गेली. मी वही उघडली, 'तयारी' या शब्दाखाली 'गव्हले, दोन किलो' असे लिहिले आणि वजनाच्या रकान्यात ते धरले.