हौशी ओपन सोर्स गेमसाठी कोणती प्रोग्रॅमिंग भाषा निवडावी?

फावल्या वेळात गेम बनवायचा आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, तर पहिला प्रश्न येतो भाषेचा. वेग महत्त्वाचा आहेच, पण मदतीला कोण येणार हे त्याहून महत्त्वाचं. बिनपगारी कामात माणसं टिकली नाहीत, तर गेम अर्धवट राहतो.

वेग किती लागतो?
सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. साध्या टू-डी गेमला पायथॉन आणि त्याची पायगेम लायब्ररी सहसा पुरते. मोठ्या थ्री-डी जगासाठी सी प्लस प्लस किंवा रस्टसारखी वेगवान भाषा बरी. 'वेलोरेन' हा ओपन सोर्स गेम रस्टमध्ये लिहिला आहे.

दोन भाषांचा मार्ग
'बॅटल फॉर वेसनॉथ' २००३ पासून सुरू आहे. त्याचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, पण नव्या मोहिमा डब्ल्यूएमएल या सोप्या भाषेत लिहिता येतात. 'लुआंटी'चं (जुनं नाव माइनटेस्ट) इंजिनही सी प्लस प्लसमध्ये आहे, तर खेळाचे नियम लुआमध्ये. त्यामुळे सी प्लस प्लस न येणारे खेळाडूही हातभार लावू शकतात.

मग सुरुवात कुठून?
आधीपासून येणारी भाषा घ्या. नवी भाषा आणि पहिला गेम एकाच वेळी जमवणं अवघड जातं. अगदीच नवखे असाल तर मोफत, ओपन सोर्स 'गोडो' इंजिन पाहा. त्याची जीडीस्क्रिप्ट पायथॉनसारखी दिसते. आणि कुठलीही लायब्ररी वापरण्याआधी तिचा परवाना तुमच्या गेमच्या परवान्याशी जुळतो का, हे तपासा.