प्लीहेचे मोल

लंडनच्या गायज् रुग्णालयातील टॉमस हॉजकिन ह्यांनी १८३२ साली रसग्रंथी व प्लीहा ह्यांच्या एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा मुख्य आधार शवविच्छेदनाचा होता. पुढे ह्या कर्करोगास त्यांचेच नाव मिळाले. परंतु रोग कोठवर पसरला आहे हे रोगी जिवंत असता कसे कळावे? ह्या प्रश्नापायी मुलांस काय मोजावे लागले, तेवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढे छातीतील गाठी दिसू लागल्या. पोट मात्र अंधारातच राहिले. १९५२ मध्ये लंडनचे शस्त्रवैद्य किन्मंथ ह्यांनी पावलाच्या पाठीवर छेद घेऊन केसासारख्या रसवाहिनीत द्रव्य सोडण्याची रीत दाखविली. तिने कण्यालगतच्या ग्रंथी चित्रात उमटत, प्लीहा उमटत नसे. इकडे किरणोपचाराच्या कक्षेबाहेर एक रोगट ग्रंथी राहिली तरी रोग परते. म्हणून अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे कॅप्लन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६९ च्या सुमारास सरळ पोट उघडून पाहण्याचा मार्ग धरिला. यकृताचा व ग्रंथींचा तुकडा घ्यावयाचा, प्लीहा तर समूळ काढावयाची. मुलांचीही! हा उपचार नव्हता, हे नुसते पाहणे होते; आणि प्लीहा गमावलेल्या मुलास न्यूमोकॉकस जंतूंनी गाठले तर काही तासांत प्राण जाण्याचे भय जन्मभर राही. त्या वैद्यांस निर्दय म्हणण्यास आम्ही धजत नाही. त्यांनीच ह्या रोगातून माणसे वाचविण्याची वाट पाडली.

१९७१ साली हाउन्सफील्ड ह्यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याचे चित्र घेतले. पण सीटीस आकार दिसतो, आणि रोगट प्लीहा आकाराने अगदी नेहमीसारखीही असू शकते. तेव्हा सुरी एकट्या यंत्राने म्यान केली, हे म्हणणे इतिहासास धरून नाही. सर्वच मुलांस सर्वांगात पोहोचणारी औषधे देऊ लागल्यावर पोटातील कणाकणाचा हिशेब मागण्याचे कारण उरले नाही.

पेट चित्रणाने प्रश्नच पालटला. कर्कपेशी साखर अधिक खातात हे वार्बुर्ग ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात पाहिले होते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली शर्करा प्रथम मनुष्यास दिली गेली. तो फ्लोरिन सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. आता प्लीहा जागच्या जागी ठेवून तिच्यातील रोग उजळलेला दिसतो. २००७ साली सुरू झालेल्या युरोपीय अभ्यासात, औषधांच्या दोन फेऱ्यांनंतर रोग पुरेसा विझलेला दिसला त्या मुलांचा किरणोपचार टाळण्यात आला. वाढत्या हाडांस ह्याचे महत्त्व केवढे, हे सांगावयास नको.

मात्र मुलांचे शरीर येथेही चकवा देते. थंडीने मानेतील तपकिरी चरबी साखर जाळू लागते आणि चित्रात रोगासारखी चमकते. म्हणून औषध टोचण्यापूर्वी मुलास उबदार खोलीत पांघरूण घालून ठेवितात.